मोर : नामव्युत्पत्ती व नामप्रसार

मोर : (नामव्युत्पत्ती व नामप्रसार). गॅलिफॉर्मिस गणातील फॅसिॲनिडी कुलातील हा पक्षी भारतीय उपखंडात सर्वत्र परिचित आहे. भारत व श्रीलंका हे त्याचे मूलस्थान असून त्याचे शास्त्रीय नाव पॅव्हो क्रिस्टॅटस असे आहे. याच वंशातील हिरवा मोर (पॅव्हो म्यूटिकस) म्यानमारपासून जावा बेटापर्यंतच्या प्रदेशातला आहे. निळा मोर माणसाने फार प्राचीन काळी भारताबाहेर नेला व तो पाहता पाहता पश्चिम आशिया आणि यूरोप येथील राजोद्यानांत व देवालयांत स्थिरावला. तथापि पक्षी ज्या मार्गाने गेला, त्याच मार्गाने त्याचे भारतीय नाव गेले नाही. ‘मयूर’ हे संस्कृत नाव पूर्वेकडे पसरले. पश्चिमेकडे मात्र निराळ्याच नावांचे कूळ रूढ झाले. या नावांची परंपरा तपासली असता व्यापार, धर्मप्रसार आणि भिन्नभाषिक समाजांचा संपर्क यांचा इतिहास काही अंशी उलगडतो.

प्राचीन उल्लेख : हडप्पा येथील ‘एच’ दफनभूमीतील रंगीत मृत्पात्रांवर मोराची चित्रे आढळतात. काही चित्रांतील मोरांच्या अंगात लहान मनुष्याकृती काढलेल्या असून मृताच्या परलोकप्रवासाशी त्यांचा संबंध असावा, असा तर्क केला जातो. सिंधू लिपीचे सर्वमान्य वाचन झालेले नसल्यामुळे त्या लोकांचा या पक्ष्यासाठी कोणता शब्द होता, हे सांगता येत नाही. लिखित वा मौखिक वाङ्‌मयातील सर्वांत जुना उल्लेख ऋग्वेदातील होय. तेथे इंद्राच्या अश्वांना ‘मयूररोमन्’ (मोरासारखे केस असलेले) आणि ‘मयूरशेप्य’ (मोरासारखी शेपटी असलेले) अशी विशेषणे योजिली आहेत. पहिल्या मंडलातील विषनाशक सूक्तात एकवीस मयूरी विष वाहून नेतात, अशी कल्पना आहे. मोर विषारी सापांचा शत्रू असल्याची समजूत यावरून किती जुनी आहे, हे दिसून येते.

संस्कृत पर्याय : अमरकोशात व इतर संस्कृत कोशांत मोराचे अनेक पर्याय दिलेले आहेत. बर्ह म्हणजे शेपटीचे पीस, त्यावरून बर्हिन्. कलाप म्हणजे पिसारा, त्यावरून कलापिन्. शिखा म्हणजे तुरा, त्यावरून शिखिन्. केका म्हणजे मोराचा आवाज, त्यावरून केकिन्. गळ्याच्या रंगावरून नीलकंठ, भक्ष्यावरून भुजंगभुक् आणि मेघगर्जनेच्या तालावर नाचतो म्हणून मेघनादानुलासिन् अशीही नावे आहेत. ही सर्व नावे अर्थदृष्ट्या पारदर्शक आहेत. ती मोराचे एकेक लक्षण सांगतात व संस्कृतातील परिचित शब्दांपासून सरळ सिद्ध होतात. सर्वांत जुने व सर्वांत रूढ असे ‘मयूर’ हे नाव मात्र या नियमास अपवाद आहे. त्याचा धातू कोणता आणि मूळ अर्थ काय, हे त्या शब्दावरून उघड होत नाही.

प्राचीन वैयाकरणांना ही अडचण जाणवलेली दिसते. उणादिसूत्रांत हा शब्द ‘मी’ (हिंसा करणे) या धातूपासून साधलेला आहे; त्यानुसार सापांना मारणारा तो मयूर. दुसऱ्या एका पारंपरिक फोडीनुसार मही (पृथ्वी) आणि रु (आवाज करणे) यांच्या संयोगातून ‘पृथ्वीवर ओरडणारा’ असा अर्थ निघतो. मोर बहुधा जमिनीवर वावरतो आणि त्याचा आवाज दूरवर ऐकू येतो, हे खरे असले, तरी ध्वनिनियमांच्या दृष्टीने ही फोड टिकत नाही. अर्थ आधी ठरवून त्याला जुळेल असा धातू नंतर शोधण्याची ही रीत आहे. शब्द मुळातच परका असल्यास अशा शोधातून त्याचे मूळ हाती लागत नाही.

द्राविडी व ऑस्ट्रो-आशियाई संबंध : तमिळ व मलयाळम् या भाषांत मोराला ‘मयिल्’ म्हणतात, तमिळमध्ये ‘मञ्ञै’ हे जुने रूपही आहे. मध्य भारतातील काही द्राविडी भाषांतही याच कुळातील शब्द आढळतात. टी. बरो व एम्. बी. एमेनो यांनी द्राविडी व्युत्पत्तिकोशात (१९६१, दुसरी आवृत्ती १९८४) हे शब्द एकत्र नोंदविले आहेत. वैदिक भाषेने हा शब्द द्राविडी भाषांतून उचलला, असे मत बरो यांनी मांडले. कन्नडमधील ‘नविलु’ व तेलुगूतील ‘नेमलि’ हे शब्द मात्र निराळ्या कुळातील आहेत.

दुसरे मत मुंडा भाषांकडे बोट दाखविते. संथाळीत मोराला ‘मराक्’ व मुंडारीत ‘मरा’ म्हणतात. मोन भाषेतील ‘म्राक्’ व मलायी भाषेतील ‘मेराक्’ हे शब्दही यांच्याशी जुळतात. मुंडा व मोन या दोन्ही ऑस्ट्रो-आशियाई कुलातील भाषा होत. मलायी त्या कुलातील नाही. तथापि तिचा या कुलातील भाषांशी दीर्घकाळ संपर्क होता. छोटा नागपूरच्या पठारापासून मलाया द्वीपसमूहापर्यंत हे एकच नाव पसरलेले असल्यामुळे ते मूळचे याच भाषांतले असावे आणि तेथून ते द्राविडी व वैदिक अशा दोन्ही भाषांत गेले असावे, असे काही भाषाशास्त्रज्ञ मानतात. हे सर्व शब्द मोराच्या आवाजाच्या अनुकरणातून स्वतंत्रपणे निर्माण झाले असण्याची शक्यताही नाकारता येत नाही.

या दोन मतांपैकी कोणतेही मत स्वीकारले, तरी एक निष्कर्ष समान राहतो. वैदिक भाषा बोलणारे लोक जेथून आले, तेथे मोर नव्हता. तो त्यांना येथे दिसला आणि त्याचे नाव त्यांनी येथे आधीपासून राहणाऱ्या लोकांकडून घेतले. ऋग्वेदासारख्या प्राचीन ग्रंथात अशा शब्दाने इंद्राच्या अश्वांच्या वर्णनात स्थान मिळवावे, यावरून त्या दोन समाजांतील देवघेव किती लवकर सुरू झाली होती, याची कल्पना येते.

प्राकृत रूपे : मयूरपासून मोर हे रूप केव्हा झाले, याचा पुरावा शिलालेखांत उपलब्ध आहे. अशोकाच्या (इ. स. पू. तिसरे शतक) पहिल्या शिलालेखात राजाच्या पाकशाळेतील प्राणिहत्येची माहिती आहे. पूर्वी तेथे रोज लक्षावधी प्राणी मारले जात; आता दोन मोर व एक हरिण एवढेच मारले जातात, हरिणही नेहमी नव्हे आणि पुढे हे तीनही मारले जाणार नाहीत, असे त्यात म्हटले आहे. हा मजकूर निरनिराळ्या स्थळी त्या त्या प्रदेशाच्या बोलीत कोरलेला आहे. कालसी व जौगढ येथील प्रतींत ‘मजूला’ असे रूप असून त्यात पूर्वेकडील बोलीनुसार ‘र’चा ‘ल’ झालेला आहे. सौराष्ट्रातील गिरनारच्या प्रतीत मात्र ‘मोरा’ असे रूप आहे. म्हणजे आजच्या मराठी, गुजराती व हिंदी भाषांतील मोर हा शब्द पश्चिम भारतात निदान सव्वादोन हजार वर्षे प्रचारात आहे. पालीत मयूर व मोर ही दोन्ही रूपे आढळतात. वररुचीच्या प्राकृतप्रकाशातही मयूर व मयूख या शब्दांतील पहिल्या दोन स्वरांचा विकल्पाने ‘ओ’ होतो, असा नियम दिलेला आहे.

आधुनिक भारतीय भाषांपैकी मराठी, गुजराती, हिंदी व पंजाबी यांत ‘मोर’ हे रूप चालते. बंगाली व ओडिया भाषांत ‘मयूर’ हे तत्सम रूपच रूढ आहे. नेपाळीत ‘मुजुर’ आणि सिंहलीत ‘मोनरा’ असे शब्द आहेत. यांपैकी ‘मुजुर’ या रूपातील ‘ज’ अशोकाच्या ‘मजूला’ची आठवण करून देतो.

मराठीतील शब्दपरिवार : मराठीत मादीला लांडोर म्हणतात. लांडा (शेपूट नसलेला) व मोर यांपासून हा शब्द बनला आहे. मादीला पिसारा नसतो, या वस्तुस्थितीस तो धरून आहे. मोरपीस, मोरपंखी, मोरकंठी हे शब्द पिसे व रंग यांवरून आलेले आहेत. तांब्याच्या निळ्या क्षाराला मोरचूद म्हणतात. त्याचे संस्कृत नाव मयूरतुत्थ असे असून गुजरातीत त्याला मोरथूथू म्हणतात. याउलट मोरांबा या शब्दाचा मोराशी काही संबंध नाही. अरबी मुरब्बा या शब्दाचे ते मराठी रूप असून आंबा या शब्दाच्या सान्निध्याने त्याचे वळण बदलले आहे. केवळ ध्वनिसाम्यावरून व्युत्पत्ती ठरविणे किती फसवे असते, याचे हे चांगले उदाहरण होय.

स्थलनामे व व्यक्तिनामे यांतही हा शब्द आढळतो. पुणे जिल्ह्यातील मोरगाव हे अष्टविनायकांपैकी पहिले क्षेत्र. गणेशाने मयूरावर आरूढ होऊन सिंधू नामक असुराचा वध केला, या कथेवरून तेथील देवतेस मयूरेश्वर वा मोरेश्वर असे नाव आहे. मोरेश्वर, मोरो, मोरोपंत ही नावे या उपासनेतून महाराष्ट्रात रूढ झाली. पंडित कवी मोरोपंत (१७२९–९४) हे आपल्या काव्यात स्वतःचा निर्देश ‘मयूर’ असा करीत. त्यांच्या प्रसिद्ध स्तोत्रकाव्याचे केकावली हे नाव त्यावरूनच पडले आहे. मोराने मेघाला उद्देशून घातलेल्या हाकांची, म्हणजे केकांची, ती मालिका होय.

प्राचीन मौर्य वंशाचे नावही मोराशी जोडले जाते. पाली ग्रंथांत पिप्पलिवनाच्या मोरिय गणाचा उल्लेख आहे आणि बौद्ध परंपरा त्या नावाचा संबंध मोरांशी लावते. पुराणांच्या टीकाकारांनी मात्र चंद्रगुप्ताच्या मुरा नामक मातेवरून हे नाव आल्याचे म्हटले आहे. सातव्या शतकापर्यंत कोकणात मौर्य नावाचे एक राजघराणे होते. मराठ्यांतील मोरे या आडनावाचा संबंधही मौर्य नावाशी जोडण्याची परंपरा आहे.

पूर्वेकडील प्रसार : संस्कृत भाषा व भारतीय धर्म यांच्याबरोबर मयूर हे नाव आग्नेय आशियात पोहोचले. तेथे हिरवा मोर मूळचाच असल्याने त्याला स्थानिक नावे आधीपासून होती. त्यामुळे नित्याच्या व्यवहारात स्थानिक शब्द आणि काव्यात व राजदरबारात संस्कृत शब्द अशी विभागणी झाली. थाई भाषेत बोलताना ‘नोक युंग’ म्हणतात, तर काव्यात ‘मयुरा’ येतो. जावानीज भाषेत पक्ष्याला ‘मेराक्’ म्हणतात. ‘मन्युरा’ हे नाव मात्र गामेलान संगीतातील एका स्वरप्रणालीला मिळाले आहे. रात्रभर चालणाऱ्या छायानाट्याचा पहाटेचा शेवटचा भाग या मन्युरा प्रणालीत वाजविला जातो.

चीनमध्ये संस्कृत शब्द गेला नाही. चिनी भाषेतील ‘खुंग-च्युए’ हे नाव जुने व स्वतंत्र असून जपानी ‘कुजाकु’ व कोरियन ‘कोंगजाक’ ही त्याचीच रूपे होत. महायान व वज्रयान पंथांतील महामायूरी ही देवता सर्पविषापासून रक्षण करणारी म्हणून प्रसिद्ध आहे. तिचे नाव चीन व जपानमध्ये नेताना ध्वनीचे अनुकरण न करता तेथील मोराचे नाव वापरण्यात आले. वेरूळच्या ६ क्रमांकाच्या लेण्यात या देवतेची मोरासह मूर्ती आहे. ऋग्वेदातील विष वाहून नेणाऱ्या मयूरींची कल्पना अशा प्रकारे नाव बदलून जपानपर्यंत पोहोचली, असे म्हणता येईल.

पश्चिमेकडील प्रसार : मोर पश्चिमेकडे समुद्रमार्गे गेल्याची आठवण पाली वाङ्‌मयात जपली गेली आहे. बावेरुजातकात व्यापारी बावेरु देशात प्रथम एक कावळा नेतात. त्या देशात पक्षी नसल्याने लोक त्याचे कौतुक करतात व शंभर कार्षापणांस तो विकत घेतात. पुढच्या खेपेस व्यापारी मोर नेतात. त्याला हजार कार्षापण मिळतात आणि कावळ्याकडे कोणी पाहत नाही. बावेरु म्हणजे बॅबिलन होय. कथा बोधपर असली, तरी या व्यापाराची माहिती तिच्या मुळाशी आहे.

हिब्रू बायबलमधील राजांच्या पहिल्या ग्रंथात सॉलोमन राजाची जहाजे तीन वर्षांतून एकदा सोने, रुपे, हस्तिदंत, वानर व ‘तुक्कियीम्’ घेऊन येत, असा उल्लेख आहे. तमिळमध्ये ‘तोगै’ (तोकै) या शब्दाचे पिसारा, वस्त्राचे लोंबते टोक व मोर असे अर्थ आहेत. तुक्कियीम् हे त्याचेच अनेकवचनी हिब्रू रूप असावे, या मताचा रॉबर्ट कॉल्डवेल यांनी आपल्या द्राविडी भाषांच्या तौलनिक व्याकरणात (१८५६) पुरस्कार केला. जगातील कोणत्याही लेखात आढळणारा हा बहुधा सर्वांत जुना द्राविडी शब्द होय, असेही त्यांनी म्हटले. त्याच वाक्यातील वानरवाचक ‘कोफ’ हा शब्द संस्कृत ‘कपी’शी जुळतो, हे या मताच्या बाजूने सांगितले जाते. परंतु जुन्या ग्रीक भाषांतरात या ठिकाणी पक्ष्यांऐवजी कोरीव दगडांचा उल्लेख आहे. डब्ल्यू. एफ्. ऑल्ब्राइट यांनी ईजिप्शियन भाषेच्या आधारे तुक्कियीम् म्हणजे वानरांचाच एक प्रकार, असा अर्थ लावला. लॅटिन भाषांतरकार जेरोम याने मात्र मोर हाच अर्थ घेतला आणि पुढे यूरोपात तोच रूढ झाला. हा वाद मिटलेला नाही. आधुनिक हिब्रूत ‘तुक्की’ म्हणजे पोपट आणि मोरासाठी ‘तव्वास’ हा निराळा शब्द आहे.

ग्रीक भाषेत मोराला ‘ताओस’ म्हणत. अथेन्सचे लोक या शब्दाच्या मध्ये महाप्राण घालून ‘तहोस’ असा उच्चार करीत, अशी नोंद अथीनीयस याने केली आहे. ग्रीक शब्दाच्या मध्यभागी असा महाप्राण सहसा येत नाही. तेव्हा हा शब्द पौर्वात्य भाषेतून आला असावा. त्याचाही संबंध ‘तोगै’शी जोडला जातो, पण मधले दुवे सापडत नाहीत. इ. स. पू. पाचव्या शतकात अथेन्समध्ये मोर ही अपूर्वाईची गोष्ट होती. पिरिलँपीझ याच्या घराण्याने पाळलेले मोर पाहण्यास महिन्याच्या पहिल्या दिवशी लोकांना प्रवेश मिळे आणि त्यासाठी स्पार्टा व थेसाली येथूनही माणसे येत. ॲरिस्टोफेनीसच्या अकार्नियन्स (इ. स. पू. ४२५) या सुखात्मिकेत मोरांचा उल्लेख परदेशी वकिलातींच्या डौलाशी निगडित आहे. सेमॉस बेटावरील हेरा देवीच्या मंदिरात मोर पाळलेले असत.

लॅटिनमध्ये मोराला ‘पावो’ हे नाव पडले. ते ग्रीक ताओसचे रूपांतर आहे, की दोन्ही नावे एकाच पौर्वात्य शब्दापासून निघाली, की पावो हे आवाजाचे अनुकरण आहे, याविषयी मतभेद आहेत. रोममध्ये मोराचे मांस श्रीमंतांच्या मेजवानीत आले, तेव्हा त्यांचे पालन हा किफायतशीर धंदा झाला. ऑफिडियस लुर्को याला त्यापासून वर्षाला साठ हजार सेस्टर्सची प्राप्ती होई, असे व्हॅरो व प्लिनी सांगतात. पावोपासून इटालियन ‘पाव्होने’, फ्रेंच ‘पाँ’, पोर्तुगीज ‘पावांव’ व रशियन ‘पावलीन’ हे शब्द आले. जर्मन ‘प्फाऊ’ या शब्दात ‘प’चा ‘प्फ’ झाला आहे. हे ध्वनिपरिवर्तन उच्च जर्मनमध्ये मध्ययुगाच्या प्रारंभी घडले असल्याने हा शब्द त्यापूर्वीच लॅटिनमधून जर्मनांकडे गेला असला पाहिजे. जुन्या इंग्रजीतील ‘पावा’ व ‘पेआ’ हीही याच शब्दाची रूपे असून पुढे त्याला नरवाचक ‘कॉक’ जोडून ‘पीकॉक’ हा शब्द तयार झाला. वाटाण्याच्या ‘पी’ या इंग्रजी नावाशी त्याचा संबंध नाही.

सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांना मेक्सिकोत टर्की हा पक्षी दिसला. पिसारा फुलविण्याच्या त्याच्या सवयीमुळे त्यांनी त्याला ‘पाव्हो’ म्हटले. परिणामी स्पॅनिश भाषेत मोराला ‘पाव्हो रेआल’ म्हणजे राजेशाही पाव्हो म्हणण्याची वेळ आली. हेच साम्य भारतातही स्वतंत्रपणे जाणवले. १६१२ मध्ये मुकर्रबखानाने गोव्याहून आणलेल्या दुर्मीळ वस्तूंत एक टर्की होता. तो लांडोरीहून मोठा व मोराहून लहान असून मोराप्रमाणे पिसे पसरून नाचतो, असे वर्णन जहांगीराने आपल्या आत्मचरित्रात केले आहे. मन्सूर या चित्रकाराने काढलेले टर्कीचे चित्र लंडन येथील व्हिक्टोरिया अँड ॲल्बर्ट संग्रहालयात आहे.

परत आलेले नाव : ग्रीक ताओस हा शब्द ॲरेमाइकमधून अरबीत गेला व तेथे ‘ताऊस’ झाला, असे सामान्यतः मानतात. फार्सी व तुर्की भाषांनीही तो स्वीकारला. उत्तर इराकमधील यझीदी पंथाच्या मुख्य देवदूतास ‘मेलेक ताऊस’ असे नाव आहे. फार्सीबरोबर हा शब्द भारतात आला. शाहजहानने १६३५ मध्ये ज्या सिंहासनावर प्रथम आरोहण केले, त्याला समकालीन इतिवृत्तांत रत्नजडित तख्त असे म्हटलेले आढळते. पुढे ते ‘तख्त-इ-ताऊस’ म्हणून प्रसिद्ध झाले. १७३९ मध्ये नादिरशाहाने ते लुटून नेले. मोराच्या आकाराच्या एका गजवाद्यालाही उत्तर भारतात ताऊस म्हणतात. ज्या देशातून मोर बाहेर गेला, त्याच देशाच्या राजसिंहासनाला परदेशातून फिरून आलेले त्याचे नाव मिळाले. तोगैपासून ताओस निघाल्याचे मत खरे ठरल्यास, तमिळ किनाऱ्यावरून निघालेला एक शब्द भूमध्य समुद्रापर्यंत जाऊन दिल्लीस परतला, असे म्हणावे लागेल. परंतु आज त्याला संभाव्यतेपलीकडे आधार नाही.

लिनीअस याने १७५८ मध्ये मोराला शास्त्रीय नाव दिले, तेव्हा वंशनाम म्हणून त्याने लॅटिन पावो हा शब्द घेतला. त्यामुळे १९६३ मध्ये भारताचा राष्ट्रीय पक्षी म्हणून घोषित झालेल्या या पक्ष्याच्या जागतिक नावात मयूर वा मयिल् यांचा मागमूस नाही. ‘क्रिस्टॅटस’ या जातिनामाचा अर्थ मात्र तुरा असलेला, असा आहे. म्हणजे डोक्यावरील तुऱ्यावरून संस्कृत कोशकारांनी नोंदविलेल्या ‘शिखिन्’ या नावाचाच तो लॅटिन पर्याय होय.